केळफुलाचा पाऊच

“कातर इथंच ठेवा, मॅडम. सुया मोजून आत न्यायच्या, मोजून बाहेर आणायच्या. एक जरी कमी भरली ना, तर सगळ्या बायकांची झडती घ्यावी लागते. त्या दिवशी मग कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.”

तडवीबाईंनी पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं. त्या महिला बरॅकच्या हवालदार होत्या. पुन्हा त्यांना ते सांगावं लागलं नाही, कारण माझ्या हातून सुई कधी हरवली नाही.

खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या तुरुंगात मी भरतकाम शिकवायला जात असे. आमच्या महिला मंडळानं ते काम घेतलं होतं आणि मंडळात घरी मशीन असलेली, मुलं मोठी झालेली अशी मीच होते. चौकटी मोजता येतील अशा मॅटीच्या कापडाचे तळहाताएवढे तुकडे, रंगीत दोऱ्यांच्या लडी आणि बोथट टोकाच्या सुया घेऊन आठवड्यातून दोनदा जायचं. बायका फुलीच्या टाक्यानं पक्षी, पणत्या, तुळशी वृंदावन, नावाची अक्षरं असं काहीबाही भरायच्या. दोरा दातानं तोडायच्या. पुढचं सगळं कातरीचं, इस्त्रीचं आणि मशीनचं काम. ते आत चालत नसे, म्हणून मी घरी आणायची.

तुकडा कोमट पाण्यात धुवायचा, जाड टॉवेलवर पालथा घालून इस्त्री करायची, म्हणजे टाके चेपत नाहीत. कडेला बोटभर कापड सोडून कापायचं. मागं ताठपणासाठी बकरम चिकटवायचं, आत सुती अस्तर घालायचं, वर चेन लावायची. झाला पाऊच. अगदी छोटा तुकडा असेल तर जाड कागदाला खिडकी कापून त्यात बसवायचा, त्याचं भेटकार्ड व्हायचं. संक्रांतीला वाणासाठी पाऊच खपत, गणपतीत तोरणं, दिवाळीला कापूस भरलेल्या चांदण्या आणि इवले कंदील. डिसेंबरात चर्चच्या बायका देवदूत आणि घंटा मागून नेत. भरतकामाची मागची बाजू, म्हणजे दोऱ्यांचा गुंता, गाठी, सोडलेली टोकं, हे सगळं अस्तराखाली गेलं की वस्तू दुकानातल्यासारखी दिसते. माझं काम तेवढंच होतं आणि मला ते चांगलं जमायचं.

आत आलेल्या बायकांना मी कधी गुन्हा विचारला नाही. विचारलं असतं तर शिकवणं जमलं नसतं.

देवकाबाईंचं मला कळलं ते तडवीबाईंकडून. साठीच्या आसपासची, काटकुळी, पांढरी जाड वेणी घालणारी बाई. सून जळून मेली म्हणून आत आली होती. देवकाबाई म्हणायच्या, स्टोव्ह भडकला. कोर्टाला ते पटलं नाही, सात वर्षांची शिक्षा झाली. सकाळी सासू-सुनेचं कडाक्याचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. मुलगा भास्कर सुटला, कारण तो त्या वेळी मळ्यात होता असं देवकाबाईंनी सांगितलं आणि कुणी खोडून काढलं नाही. सुनेची मुलगी तेव्हापासून आजोळी होती.

“चार वर्षं झाली, पोरगा एकदा आला भेटायला,” तडवीबाई म्हणाल्या. “तो पण सही घ्यायला, शेताच्या कागदावर.”

देवकाबाईंना मी फुलीचा टाका शिकवला नाही. त्यांना तो येत होता. पहिल्या दिवशी त्यांनी सुई घेतली, कापडाचा मध्य बोटानं चाचपला आणि सुरुवात केली. इतर बायका पुस्तकातले नमुने बघून भरत, त्या कुठेच बघत नसत. बोलतही नसत.

एका श्रावणात त्यांनी एक तुकडा माझ्या हातात ठेवला. केळीचं झाड होतं. हिरव्याच्या तीन छटा, एक फाटकं पान, आणि खाली झुकलेलं जांभळट-लाल केळफूल. असा नमुना मी कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता.

“हे विकायचं नाही,” त्या म्हणाल्या. “ह्याचा पाऊच करा. माझ्या नातीला द्यायचा.”

“देवकाबाई, मला असं बाहेर काही देता येत नाही.”

“जेलरसाहेबांना विचारा. ते नाही म्हणाले तर राहू द्या.”

जेलरसाहेबांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “द्या. पण तिकडचे लोक घेतील असं वाटत नाही मला.”

मी तो पाऊच नेहमीपेक्षा जास्त जीव लावून केला. अस्तराला पिवळं कापड घेतलं, कारण सात वर्षांच्या मुलीसाठी होता. चेनच्या टोकाला गोंडा लावला. अस्तर हातानं शिवलं, टाका दिसणार नाही असं.

सुनेचं माहेर रावेरच्या बाजूला होतं. बसमधून उतरून केळीच्या बागांमधल्या रस्त्यानं चालत गेले. सुनेची आई, सिंधूबाई, ओसरीवर बसून वाळवणातल्या मुगाच्या वड्या डब्यात भरत होत्या. मी कुठून आले ते सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले, पण त्यांनी मला जा म्हटलं नाही. आत बघून हाक मारली, “पल्लवी, पाणी आण गं.”

पुढचे दोन दात पडलेली मुलगी तांब्या घेऊन आली, माझ्याकडे बघून हसली आणि अंगणात पळाली. ती गेल्यावर मी पाऊच काढून सतरंजीवर ठेवला.

“देवकाबाईंनी पाठवलाय. पल्लवीसाठी.”

सिंधूबाईंनी तो उचलला नाही. बसल्या जागेवरून बघत राहिल्या. मग वाकून बघितलं. मग उचलला, चेन उघडली, आत बोटं घालून चाचपलं. उठून आत गेल्या आणि कातर घेऊन आल्या. मला वाटलं, आता त्या माझ्यासमोर त्याचे तुकडे करणार.

त्यांनी अस्तर उसवलं. फक्त अस्तर, एकेक टाका कातरीच्या टोकानं उचलत. बकरमही सोलून काढलं. मग पाऊच आतून बाहेर उलटा केला आणि भरतकामाची मागची बाजू ओसरीच्या उजेडात धरली.

“बघा,” त्या म्हणाल्या. “गाठ आहे कुठं?”

नव्हती. मी ते शिवताना पाहिलं होतं आणि नवल वाटून सोडून दिलं होतं. मागचे सगळे टाके उभे होते, एका सरळ रेषेत. दोऱ्याचं टोक टाक्यांच्या पोटात सरकवून संपवलेलं होतं.

“असं माझ्या आईनं मला शिकवलं, मी ज्योत्स्नाला. आमच्याकडे रुखवतातल्या वस्तू बायका उलट्या करून बघायच्या. आणि ही केळ ज्योत्स्नानं स्वतः काढली होती, चौकटीच्या वहीत, आमच्या मागच्या बागेत बसून. लग्नाआधी.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “ह्या बाईला हे कुणी शिकवलं?”

“मला माहीत नाही.”

“तिनंच शिकवलं असणार. दुसरं कोण शिकवणार? म्हणजे दोघी बसत असणार शेजारी शेजारी. असं शिकवायला महिने लागतात हो मॅडम. मांडीला मांडी लावून बसावं लागतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “लेक मला सांगायची, सासू चांगली आहे. मला वाटायचं माझ्या जिवाला घोर नको म्हणून खोटं सांगते. आणि सासू जर चांगली होती, तर मग माझी लेक मेली कशी?”

त्यांनी पाऊच मला परत दिला नाही. मी निघाले तेव्हा तो उलटाच त्यांच्या मांडीवर होता.

दहा-बारा दिवसांनी सिंधूबाई तुरुंगाच्या दारात उभ्या राहिल्या. मुलाखतीसाठी नाव दिलं होतं. देवकाबाई आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, मॅडम बसणार असतील तर येते. मी बसले. जाळीच्या एका बाजूला सिंधूबाई, दुसऱ्या बाजूला देवकाबाई, त्यांच्या मागे स्टुलावर मी, दाराशी तडवीबाई.

“या, विहीणबाई,” देवकाबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी पदर तोंडावर घेतला. सवयीनं तोंडातून निघून गेलं होतं.

सिंधूबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “ज्योत्स्नानं शिकवलं तुम्हाला?”

“हो.”

“कधी?”

“पल्लवी पोटात होती तेव्हापासून. दुपारची कामं झाली की. मला म्हणायची, आई, डोळे चांगले आहेत तोवर शिकून घ्या.”

“ती तुम्हाला आई म्हणायची?”

“हो.”

“नकोशी होती का तुम्हाला?”

देवकाबाईंनी मान हलवली. नाही.

“मग सकाळचं भांडण?”

“भांडण माझं नव्हतं. आवाज बाईचा ऐकला म्हणून लोकांना वाटलं माझा.” देवकाबाई जाळीच्या खालच्या पट्टीकडे बघून बोलत होत्या. “भास्करला मोटारसायकलला पैसे पाहिजे होते. तिला तुमच्याकडून आण म्हणत होता. ती नाही म्हणाली. मी पण त्याला म्हटलं, जाऊ दे रे.”

“भास्कर मळ्यात होता ना?”

तडवीबाई दारातून किंचित पुढे सरकल्या.

“नव्हता,” देवकाबाई म्हणाल्या. “घरात होता. स्वयंपाकघराला आतून कडी होती. मी बाहेर ओट्यावर होते, मटकी निवडत. तिनं मला हाक मारली. मी उठले. दारापर्यंत गेले. तो आतून म्हणाला, आई, तू मध्ये पडू नको. मी परत येऊन बसले.” मग म्हणाल्या, “रॉकेलचा वास आला तेव्हा धावले. तोवर झालं होतं.”

मी तिथून उठून जावं असं मला वाटलं. पण बसायचं कबूल केलं होतं.

सिंधूबाई रडल्या नाहीत. त्यांनी जाळीला बोटं लावली, काढली.

“त्यानं दुसरं लग्न केलंय. तिला मूल होत नाही. आता पल्लवी मागतोय. बाप आहे, सुटलेला आहे, वकील म्हणतात त्यालाच देतील. पुढच्या महिन्यात तारीख आहे. हे आत्ता बोललात ते तिथं बोलाल?”

“तो माझा एकुलता एक आहे हो.”

“माझी पण एकच होती,” सिंधूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्यानंतर दोन आठवडे देवकाबाईंनी सुई हातात धरली नाही. दिवाळीचं काम तुंबलं होतं. मंडळानं टाऊन हॉलमध्ये टेबल घेतलं होतं आणि चांदण्या निम्म्याही तयार नव्हत्या. मी इतर बायकांना भराभर तुकडे वाटत होते. देवकाबाई भिंतीला टेकून बसायच्या. एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं.

“मॅडम, तुम्ही पल्लवीला बघितलं ना? कशी आहे?”

“पुढचे दात पडलेत. पाणी आणून दिलं मला. हसरी आहे.”

“घाबरट आहे का?”

“नाही वाटली. अंगणात पळत होती.”

“ज्योत्स्ना पण आली तेव्हा तशीच होती. जिन्यावरून पळायची. दोन वर्षांत ते सगळं गेलं, पायात पाय घालून चालायला लागली.” त्यांनी तळहात लुगड्याला पुसले. “माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“मला दोन मुलगे आहेत,” मी म्हटलं. “मला सांगता येणार नाही.”

हे उत्तर नव्हतं हे मला कळत होतं. त्यांनाही कळलं असावं.

भास्कर त्याच आठवड्यात आला. सिंधूबाईंच्या वकिलानं साक्षीसाठी अर्ज दिला होता, ते त्याला कळलं असणार. मी सुया मोजून देत होते तेव्हा तो मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोटारसायकलची चावी, अगदी साधा दिसणारा माणूस. रस्त्यात भेटला असता तर मी त्याला पत्ता विचारला असता. आत देवकाबाई तशाच बसून होत्या. समोर पेढ्यांचा बॉक्स, न फोडलेला.

“काय म्हणाला?” तडवीबाईंनी विचारलं.

“म्हणाला, काही बोलू नको, मी वकील लावतो, तुला सोडवून घरी नेतो. तुझी खोली रंगवून ठेवलीय म्हणाला.” त्या पेढ्यांकडे बघत होत्या. “मग मी त्याला विचारलं, त्या दिवशी मी दार ठोठावलं असतं, तर तू उघडलं असतं का रे?”

“मग?”

“म्हणाला, आता तो विषय कशाला काढतेस? आणि घड्याळ बघितलं.”

पेढे त्यांनी तडवीबाईंना बरॅकमध्ये वाटायला सांगितले. स्वतः घेतला नाही. मग माझ्याकडून मॅटीचे तुकडे मागून घेतले आणि दिवाळीपर्यंत मान वर न करता चांदण्या भरल्या. टाऊन हॉलमध्ये त्या चांदण्या पहिल्या संपल्या. लोकांना त्या कुणी केल्या ते माहीत नव्हतं, आम्ही सांगतही नसू.

तारखेच्या दिवशी मी कोर्टात गेले. जाण्याचं कारण नव्हतं, पण गेले. देवकाबाईंना पोलीस गाडीतून आणलं. भास्कर पहिल्या बाकावर होता, त्याची नवी बायको शेजारी. तिनं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं. सिंधूबाई भिंतीशी उभ्या होत्या. पल्लवीला आणलं नव्हतं.

देवकाबाईंनी जे जाळीपाशी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, त्याच क्रमानं, मटकीसकट. भास्करचा वकील उठला.

“ह्याच कोर्टाच्या इमारतीत तुम्ही शपथेवर सांगितलं होतं की मुलगा मळ्यात होता. बरोबर?”

“हो.”

“म्हणजे तेव्हा खोटं बोललात.”

“हो.”

“मग आज खरं बोलताय कशावरून?”

देवकाबाईंना प्रश्न नीट कळला नाही असं मला वाटलं. त्यांनी वकिलाकडे न बघता न्यायाधीश बाईंकडे बघितलं.

“तेव्हा खोटं बोलले, कारण पोरगा राहणार होता,” त्या म्हणाल्या. “आज बोलले तर मला काय राहतंय, सांगा तुम्हीच.”

न्यायाधीश बाईंनी खाली बघून लिहून घेतलं. भास्कर उठून बाहेर गेला. त्याची बायको लगेच उठली नाही. ती थोडा वेळ देवकाबाईंकडे बघत बसली होती आणि मग पर्स छातीशी धरून दुसऱ्या दारानं गेली. पुढे ती माहेरी परत गेल्याचं ऐकलं. खरं-खोटं मला माहीत नाही.

पल्लवी आजोळीच राहिली. देवकाबाईंच्या शिक्षेत त्या साक्षीनं काही फरक पडला नाही, सुटलेल्या भास्करवर पुन्हा खटलाही चालला नाही. गाडीत चढताना त्या सिंधूबाईंच्या जवळून गेल्या. सिंधूबाईंनी बाजूला होऊन वाट दिली. पुन्हा भेटायलाही आल्या नाहीत.

शिक्षा संपली तेव्हा देवकाबाईंना न्यायला कुणी आलं नाही. मंडळानं त्यांची आश्रमात सोय केली. तिथं त्या मुलींना भरतकाम शिकवत. मी पूर्वीसारखी तुकडे आणून पाऊच आणि कार्डं करत राहिले. दीड वर्षानं, उन्हाळ्यात, त्यांना कावीळ झाली आणि ती उतरली नाही. शेवटच्या दिवशी मी शेजारी होते.

भास्करला आश्रमानं निरोप पाठवला. तो बाहेरगावी आहे असं उत्तर आलं. मी बराच वेळ फोनजवळ बसले आणि मग सिंधूबाईंना फोन लावला.

“देवकाबाई गेल्या,” मी सांगितलं.

“जवळ कुणी होतं?”

“मी होते.”

“बरं झालं. मला कशाला कळवलंत?”

“दुसरं कुणी नाही म्हणून.”

त्यांनी फोन ठेवला. स्मशानात आम्ही चौघीपाचजणी होतो, आश्रमाच्या ताई, तडवीबाई, दोन मुली. लाकडं रचून झाली तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. सिंधूबाई उतरल्या. एकट्याच होत्या. पुढे आल्या नाहीत. निंबाखाली उभ्या राहिल्या. अग्नी दिल्यावर त्यांनी तोंड फिरवलं आणि सगळं संपेपर्यंत तसंच फिरवून ठेवलं. का ते मला कळलं, म्हणून मी त्यांच्याजवळ गेले नाही.

नंतर मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. रावेरची गाडी लागलेली होती. त्या पायरीवर चढल्या आणि दांडीला धरून मागे वळल्या.

“पल्लवीला सांगून आले मी,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, तुझी आजी वारली, तिकडं चाललेय. ती म्हणाली, आजी तर तू आहेस.”

“मग?”

“मग काय सांगणार? म्हटलं, तुला दोन होत्या.”

कंडक्टरनं घंटी मारली. त्या आत जाऊन बसल्या.